इंदुरी, इंदु आणि उंदीर : धातूंच्या नावाने चालणारी फसवी व्युत्पत्ती (थ्रेड)

१/ मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडेहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी इंदुरी वसले आहे. सरसेनापती दाभाडे घराण्याशी निगडित असलेल्या गढीमुळे इतिहासप्रेमींची पावले तिकडे वळतात. गढीच्या बुरुजांचे छायाचित्र झळकले की त्याखाली विद्वत्तेचा एक ठरलेला साचा उमटतो : नाव 'इन्द्' धातूपासून आले, म्हणून हे इंद्राचे नगर. दुसरा लगेच म्हणतो, 'इंदु' म्हणजे चंद्र, म्हणून हे चंद्राचे नगर. दोघेही धातू सांगतात. पुरावा कोणीच देत नाही.

२/ हा थ्रेड या साच्याविरुद्ध आहे. संस्कृत धातू ही भारतीय बुद्धीची एक थोर निर्मिती आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने तिचा असा वापर निषेधार्ह आहे. शल्यचिकित्सेचे शस्त्र घेऊन कोणी नारळ फोडू लागला तर शस्त्राचा गौरव होत नाही, आणि नारळही नीट फुटत नाही.

३/ आधी 'धातू' म्हणजे काय ते पाहावे. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात सुमारे २००० धातू दहा गणांत विभागले आहेत : भ्वादि, अदादि, जुहोत्यादि, दिवादि, स्वादि, तुदादि, रुधादि, तनादि, क्र्यादि, चुरादि. प्रत्येक गणाची रूपे घडवण्याची रीत निराळी. भू-भवति, हु-जुहोति, नृत्-नृत्यति, तुद्-तुदति, रुध्-रुणद्धि. मोजक्या बीजांतून आणि मोजक्या नियमांतून भाषेचा अफाट विस्तार उलगडून दाखवणारे हे यंत्र आहे.

४/ 'कृ' हा एकच धातू घ्या. करोति, कुरुते ही क्रियापदे. कृत, कार्य, कर्तव्य ही कृदन्ते. कर्म, कर्ता, कृति, कारण ही नामे. कारयति म्हणजे करवतो. चिकीर्षति म्हणजे करू इच्छितो. उपसर्ग लागला की संस्कार, विकार, प्रकार, अधिकार, उपकार, अपकार. एका बीजाचा केवढा हा वृक्ष! तरुण वाचकाला या यंत्राची भुरळ पडावी यात नवल नाही.

५/ परंतु धातू हे वैयाकरणाने शब्दांच्या कुटुंबातून वेगळे काढलेले सूत्र आहे. करोति, कृत, कार्य या शब्दांत जे समान आढळले त्याला 'कृ' असे नाव मिळाले. कोणत्याही काळी माणसे नुसते 'कृ, भू, स्था' असे बोलत नव्हती. धातू विश्लेषणाच्या शेवटी हाती येतो. त्याला इतिहासाच्या आरंभी नेऊन बसवणे, हीच या साऱ्या गोंधळातील पहिली चूक.

६/ आता 'इंद्र'. धातुपाठात 'इदि' असा धातू परम ऐश्वर्य या अर्थाने दिला आहे. त्यात अनुनासिक येऊन 'इन्द्' होते आणि उणादि प्रत्ययाने 'इन्द्र' सिद्ध होतो. व्याकरणाच्या चौकटीत हे निर्दोष आहे. अडचण वेगळीच आहे : हा धातू 'इंद्र' शब्दाचा उलगडा करण्यासाठीच कल्पिला गेला असावा, असे अर्वाचीन कोशकारांचे मत आहे. म्हणजे 'इंद्र' कशावरून? 'इन्द्' वरून. 'इन्द्' कशावरून? 'इंद्र' वरून. हे वर्तुळ आहे, वंशावळ नाही.

७/ 'इंदु' ची कथा त्याहून रंजक. परंपरा हा शब्द 'इन्द्' पासून साधत नाही. उणादिसूत्रांनुसार तो 'उन्द्' म्हणजे भिजवणे या धातूपासून येतो, आणि आरंभीच्या 'उ' चा 'इ' करण्यासाठी खास तरतूद करावी लागते. इंदु म्हणजे आधी ओलावणारा थेंब, सोमाचा थेंब; चंद्र हा अर्थ पुढचा. यास्क आणखी एक पर्याय देतो : 'इन्ध्', म्हणजे पेटणे, उजळणे. एकाच शब्दाला पाणीही चालते आणि अग्नीही.

८/ म्हणजे 'इंदु' आणि 'इंद्र' हे शब्द परंपरेच्याच हिशेबाने वेगवेगळ्या धातूंचे. तरीही समाजमाध्यमांवर दोन्ही एकाच पोतडीत कोंबले जातात, कारण कानाला ते सारखे लागतात. कानाला सारखे लागणे हाच जर पुरावा, तर तो शेवटपर्यंत मानला पाहिजे. त्यासाठी पुढचे वाचा.

९/ संस्कृतात 'उन्दुर' म्हणजे उंदीर. कोशांत 'इन्दूर' असेही रूप नोंदले आहे. बंगालीत आजही उंदराला 'इँदुर' म्हणतात. तेव्हा ध्वनिसाम्याच्या न्यायाने इंदुरी म्हणजे उंदरांचे गाव! चंद्राच्या नगरापेक्षा ही व्युत्पत्ती अक्षरांनी अधिक जवळची आहे. ती कोणीच मांडत नाही, कारण ती कोणाला आवडत नाही. ज्या पद्धतीत निवाडा आवडीवर ठरतो, ती पद्धत शास्त्राची नसते.

१०/ यात कडू इंद्रावणाची वेलही मिसळता येईल, अकोले तालुक्यातील इंदोरी आणि माळव्यातील इंदूरही ओढून आणता येईल. 'इंद्रपुरी' पासून 'इंदुरी' झाले असेही म्हणता येईल. दोन स्वरांमधला 'प' मराठीत 'व' होतो किंवा विरतो, तेव्हा ध्वनिनियम त्याच्या आड येत नाही. पण 'शक्य आहे' आणि 'घडले' यांत जे अंतर आहे, तेच इतिहासाचे क्षेत्र.

११/ येथे कोणी म्हणेल की पाश्चात्त्यांच्या चष्म्यातून भारतीय शास्त्राकडे का पाहावे? तर पाहू नये. भारतीय शास्त्राकडेच पाहावे. हा वाद सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी याच भूमीत, याच मुद्द्यावर झाला आहे, आणि यास्काने तो निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात नोंदवून ठेवला आहे.

१२/ शाकटायनाचे मत : सगळी नामे धातूंपासूनच निर्माण होतात. गार्ग्य आणि काही वैयाकरण म्हणाले : सगळी नाही. गार्ग्यपक्षाचा युक्तिवाद पाहा. वाट व्यापतो म्हणून घोडा 'अश्व' असेल, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकाला अश्व का म्हणू नये? टोचते म्हणून गवत 'तृण' असेल, तर टोचणारी प्रत्येक वस्तू तृण का नाही?

१३/ त्यांचा पुढचा प्रश्न तर मिस्किल आहे. पसरवली म्हणून 'पृथिवी' असे सांगतात. मग ती पसरवली कोणी, आणि पसरवताना तो उभा कुठे होता? शाकटायनाने 'सत्य' हा शब्द दोन तुकडे करून दोन वेगळ्या धातूंना वाटून दिला, यावरही त्या पक्षाने बोट ठेवले. आजच्या समाजमाध्यमी व्युत्पत्तीवर घ्यावा असा प्रत्येक आक्षेप तेव्हाच घेऊन झाला आहे.

१४/ यास्क शाकटायनाच्या बाजूचा. त्याची उत्तरेही तोडीची आहेत : लाकूड तासणारा प्रत्येक जण सुतार म्हणवला जात नाही, तरी 'तक्षन्' हा शब्द तासण्यावरूनच आला. पृथ्वी कोणी पसरवली नसली तरी ती दिसायला विस्तीर्ण आहेच. आणि कोणी भलती फोड केली असेल, तर दोष त्या माणसाचा, शास्त्राचा नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मांडून मग उत्तर देणारी ही परंपरा होती. तिचे नाव घेऊन प्रश्न विचारणाऱ्याला 'संस्कृतद्वेष्टा' ठरवणारे तिचे वारस कसे?

१५/ यास्काने 'इंद्र' शब्दाचे दहाहून अधिक निर्वचन दिले आहेत. अन्न देणारा, अन्न धारण करणारा, सोमाकडे धावणारा, सोमात रमणारा, प्राण्यांना उजळणारा... ही यादीच सांगते की यास्काच्या काळी मूळ अर्थ विसरला गेला होता. हे नाव त्याहून फार जुने आहे : इ.स.पू. चौदाव्या शतकात मितन्नी राज्याने हित्ती सम्राटाशी केलेल्या तहात साक्षी देवतांमध्ये ते आढळते. दहा पर्यायांतला एक उचलून 'हाच मूळ धातू' असे छातीठोक सांगणारा यास्काच्याही पुढे गेला म्हणायचा.

१६/ आणि यास्काने ताकीदही दिली आहे. संदर्भ सोडून एकट्या पदाचे निर्वचन करू नये. जो व्याकरण जाणत नाही, त्याला ते सांगू नये. गावाचे नाव हे एकटे पद नाही तर काय? त्याला वाक्य नाही, ऋचा नाही, प्रकरण नाही. निरुक्ताचा प्रयत्न वैदिक मंत्रांचा अर्थ उलगडण्याचा होता. मावळातील वस्त्यांचा इतिहास लिहिण्याचे काम त्याने कधीच अंगावर घेतले नव्हते.

१७/ पाणिनीय परंपराही सावध होती. उणादि प्रत्ययांनी साधलेले शब्द वस्तुतः अव्युत्पन्न समजावेत, असा पक्ष महाभाष्यात आहे. म्हणजे अमुक शब्दाची फोड करता येत नाही, असे म्हणायला पतंजलीच्या परंपरेला लाज वाटली नाही. ती लाज आजच्या पोस्टकर्त्यांना वाटते, म्हणून प्रत्येक नावाला धातू चिकटवावाच लागतो.

१८/ धातुपाठही दगडावरची रेघ नाही. अमेरिकन वैयाकरण व्हिटनी यांनी १८८५ मध्ये धातू आणि त्यांची प्रत्यक्ष ग्रंथांत आढळणारी रूपे यांचा संग्रह प्रसिद्ध केला. पाठातील निम्म्याहून अधिक धातूंचा वापर साहित्यात सापडत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुण्याच्या गजानन बाळकृष्ण पळसुले यांनी विविध परंपरांच्या धातुपाठांची तुलनात्मक सूची १९५५ मध्ये आणि त्यांचा चिकित्सक अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. 'धातुपाठात आहे' एवढे सांगून भागत नाही. कोणत्या पाठात, कोणत्या अर्थाने, आणि वापर कुठे, हे विचारावे लागते.

१९/ आता मराठीकडे. 'नाचणे' हे 'नृत्' धातूपासून आले असे सर्रास सांगितले जाते. पण 'नृत्' मध्ये 'च' कुठे आहे? तो आला 'नृत्यति' या चालत्या-बोलत्या रूपातून. 'त्य' चा प्राकृतात 'च्च' झाला : नृत्यति, नच्चइ, नाचणे. जसे सत्य, सच्च, साच. मराठी शब्दाचा बाप धातू नाही. बोलले गेलेले रूप हा त्याचा बाप.

२०/ अशीच आणखी घराणी पाहा. दृश्यते, दिस्सइ, दिसणे. उत्पद्यते, उप्पज्जइ, उपजणे. येथे 'द्य' चा 'ज्ज' झाला, जसा अद्य-अज्ज-आज आणि विद्युत्-विज्जु-वीज यांत. 'पिकणे' तर 'पच्' च्या वर्तमानकाळी रूपातूनही आले नाही. ते 'पक्व' या कृदन्तातून, 'पिक्क' या प्राकृत रूपातून आले. प्राकृताची पायरी गाळली की जिना तुटतो.

२१/ कान कसा फसवतो याचा उत्तम नमुना म्हणजे 'बसणे'. वरवर पाहता ते 'वस्' म्हणजे राहणे यापासून आले असे वाटते. पण जुन्या मराठीत रूप आहे 'बैसणे'. तो 'ऐ' सांगतो की मूळ 'उपविशति'. प्राकृत 'उवविसइ', मग बैसणे, मग बसणे. आणि 'वस्' चा खरा वारस 'वसणे' मराठीत स्वतंत्रपणे नांदतोच आहे : गाव वसते, माणूस बसतो. जुने रूप हाती नसते, तर हे दोन्ही शब्द एकाच धातूच्या गळ्यात बांधले गेले असते.

२२/ हीच कसोटी गावनावांना लावली की काय निष्पन्न होते, याचे उत्तर इंदुरीच्या तालुक्याच्याच नावात आहे. 'मावळ' म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, अशी गोड फोड ऐकायला मिळते. पुण्याच्या पश्चिमेला आहे म्हणून ती पटतेही. पण लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांत, इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील सातवाहनकालीन प्राकृत लेखांत या भागाचे नाव कोरलेले आहे : मामाल. 'मामालाहार' म्हणजे मामाल हा प्रशासकीय विभाग.

२३/ आता नियम लावा. दोन स्वरांमधला 'म' मराठीत 'व' होतो : ग्राम-गाव, नाम-नाव. दोन स्वरांमधला 'ल' 'ळ' होतो : फल-फळ, काल-काळ. मामाल-मावळ. पहिला 'म' आरंभी असल्याने टिकला, दुसरा बदलला. हाच नियम कोकणात तपासा : कान्हेरीच्या लेखांत 'चेमुल', शिलाहारांच्या लेखांत 'चेमुल्य', आणि आज चेऊल, चौल. एका नियमाने दोन दूरची नावे उलगडली, आणि दोन्हींना शिलालेखांची साक्ष आहे.

२४/ या साखळीत धातू कुठेही लागला नाही. 'मामाल' कोणत्या धातूपासून आले, हे विचारण्याची गरजही पडली नाही. आणि तरीही मावळच्या नावाचा सुमारे १९०० वर्षांचा प्रवास हाती आला. उलट सूर्य मावळण्याची फोड स्वीकारली असती, तर लेण्याच्या भिंतीवरचा पुरावा दृष्टिआड झाला असता. खोटी व्युत्पत्ती केवळ चुकीची माहिती देत नाही, ती खऱ्या माहितीची जागा अडवते. खरे नुकसान हे.

२५/ मराठीत या विषयावर काम झाले नाही असेही नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी धातूंचा आणि व्युत्पत्तींचा प्रचंड संग्रह केला. त्यांचा धातुकोश त्यांच्या निधनानंतर, १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनेक व्युत्पत्त्या पुढच्या अभ्यासकांनी नाकारल्या, पण राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद जमवले, ते छापले, आणि स्वतःला तपासण्याचे साधन वाचकाच्या हाती दिले. आज त्यांचा आवेश उचलला जातो. त्यांची पायपीट कोणी उचलत नाही.

२६/ ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवरील ग्रंथात नियमबद्ध ध्वनिपरिवर्तनाची वाट दाखवली; वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ चा. आणि येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक महाकोश रचला जातो आहे : सुमारे १५०० ग्रंथ, जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या. पहिला भाग निघाला १९७६ मध्ये. इतकी दशके उलटली, तरी काम 'अ' ने सुरू होणाऱ्या शब्दांतच आहे. तिथे एका शब्दाला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात इथे अख्ख्या तालुक्याची नावे 'सिद्ध' होतात.

२७/ आता यातली विसंगती पाहा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी आधार कशाचा दिला गेला? महाराष्ट्री प्राकृताचा, गाथासप्तशतीचा, नाणेघाटच्या शिलालेखाचा. कार्ल्याच्या सिंहस्तंभाचा दाता आपल्याला 'महारठी' म्हणवतो, तोही प्राकृतातच. दर्जा मागताना प्राकृत पुढे करायचे आणि गावांची नावे उलगडताना त्याच प्राकृतावरून उडी मारून थेट धातूवर जाऊन पडायचे, हे कोणत्या अभिमानात बसते?

२८/ आणखी एक गोष्ट दडपली जाते. डोंगर, नद्या आणि जुन्या वस्त्या यांची नावे अनेकदा त्या त्या प्रदेशातील लोकांच्या बोलीतून येतात. काही नावे संस्कृतपूर्वही असू शकतात. इंदुरीजवळचा कुंडमळा पाहा : नदीपात्रातील खडकांतले कुंड आणि काठचा मळा. हे नाव शेतकऱ्याने ठेवले, आणि ते स्वच्छ कळते. प्रत्येक नावाला संस्कृत धातूची शाल पांघरली की नाव ठेवणारा कुणबी, कोळी, धनगर इतिहासातून बाहेर फेकला जातो.

२९/ आक्षेप येईल : लोकांना आपल्या गावाचा अभिमान वाटतो, त्यात वाईट काय? काहीच नाही. पण अभिमानाला आधार लागतो. याच वाटेने पुढे जाऊन पु. ना. ओक यांनी 'व्हॅटिकन' म्हणजे 'वाटिका' आणि 'ख्रिश्चॅनिटी' म्हणजे 'कृष्णनीती' असे लिहिले. जगाने ते हसण्यावारी नेले, आणि त्या हसण्यात पाणिनीही नाहक ओढला गेला. ध्वनिसाम्य हाच पुरावा मानणाऱ्याला इंदुरी आणि व्हॅटिकन यांच्यामध्ये थांबण्यासाठी एकही मुक्काम नाही.

३०/ म्हणून कोणतीही व्युत्पत्ती पुढे पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत.
• नावाचे सर्वांत जुने लिखित रूप कोणते, आणि ते कोणत्या लेखात वा कागदात आहे?
• त्या रूपापासून आजच्या रूपापर्यंतचा प्रत्येक बदल मराठीच्या इतर शब्दांतही दिसतो का?
• मधली प्राकृत आणि जुनी मराठी रूपे कोणती?
• त्याच नियमांत बसणारा दुसरा पर्याय का नाकारला?
धातूचा प्रश्न आला, तर पाचवा.

३१/ इंदुरीच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे आकाशातल्या चंद्रावर मिळणार नाहीत. ती मोडी कागदांत शोधावी लागतील : दाभाड्यांच्या सनदा, इनामपत्रे, महसुलाचे हिशेब, पुण्याच्या पुराभिलेखागारातील रुमाल. तेथे नाव 'इंदुरी' लिहिले आहे की 'इंदोरी', त्याहून जुन्या कागदात आणखी काही वेगळे रूप आहे का, हे पाहायला मोडी यावी लागते. मोडी काही महिन्यांत शिकता येते. तरुण इतिहासप्रेमींनी धातूंची यादी पाठ करण्याऐवजी ती शिकावी.

३२/ आणि संस्कृतवर प्रेम असेल तर धातुपाठही अवश्य शिकावा, गणांची रूपे घोकावीत, निरुक्त मुळातून वाचावे. जो ते वाचेल त्याला गार्ग्य भेटेल, आणि गार्ग्य त्याला पहिला धडा देईल : नाव ऐकताच धातू सांगणाऱ्याला विचारा, हे कशावरून?

#मराठी #व्युत्पत्ती #मावळ #इतिहास